मेंदूचं कॉलेज शोधताना : ईईजीवाल्या मावशीची वही

“डोळे मीट. हं, आता उघड. परत मीट.”

दहावीची परीक्षा संपवून भाची माझ्याकडे राहायला आली होती. मी इंदूरला गीताभवनाजवळ एका न्यूरॉलॉजिस्टच्या क्लिनिकमध्ये ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढते, येत्या दिवाळीला तेवीस वर्षं होतील. दुपारी दोन ते चार पेशंट नसतात. ती माझ्या स्टुलावर बसून गरगर फिरत होती, म्हटलं चल, तुलाच लीड (डोक्याला चिकटवायच्या तारा) लावते. टेप काढली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत ३६ सेंटीमीटर भरलं. त्याचे दहा टक्के ३.६, वीस टक्के ७.२, अशा खुणा केल्या आणि पेस्ट लावायला गेले तर केसात तेल. ताईने आदल्या दिवशी चंपी करून पाठवली होती. अर्धा तास पुसण्यात गेला.

डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या लीडमध्ये सेकंदाला नऊ-दहा लाटा दिसतात, उघडले की त्या पुसल्या जातात. अल्फा म्हणतात तिला. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी काढला आणि १९२९ साली छापला, तेव्हापासून ही लाट सगळ्यांना माहीत आहे. गंमत अशी, की ती डोळे मिटल्यावरच येते, त्यामुळे पोरीला स्वतःची अल्फा बघता येईना. तिने तीन-चारदा एक डोळा किलकिला करून बघितला, लाट गायब. मग मी रेकॉर्डिंग मागे नेऊन दाखवलं. पाच मिनिटं ती काही बोलली नाही. नंतर दोन प्रश्न विचारले : “मावशी, ही मागूनच का येते? आणि हे शिकवतात कुठे?”

पहिल्याचं मला जमेल तेवढं सांगितलं. दुसऱ्यात आमची दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत एक दोनशे पानी वही भरली. आता ओळखीतले लोक ती वही मागायला येतात. वही देत नाही, पण ती कशी भरली ते सांगते.

वहीच्या पहिल्या वीस पानांवर एकाही कॉलेजचं नाव नाही, आणि तसंच ठेवा. तिथे मुलाचे प्रश्न लिहायचे. मेंदूबद्दल जे काही डोक्यात येईल ते, तारीख टाकून, महिनाभर. मी तिला एवढंच सांगितलं होतं, की नेटवरून उतरवायचे नाहीत, स्वतःला पडतील तेच. महिन्याने आम्ही दोघी पोहे-जिलेबी घेऊन बसलो आणि प्रश्नांचे ढीग लावले. काही प्रश्न पेशंटचे होते : फिट आल्यावर माणसाला आठवत का नाही. काही पेशीचे : दोन पेशी चिकटलेल्या नसतात तर निरोप जातो कसा. काही मनाचे, वागण्याचे : आजोबांना १९६५ सालचं सगळं आठवतं, सकाळचा चहा झाला की नाही ते का आठवत नाही. आणि काही आकड्यांचे : एवढ्या वेड्यावाकड्या रेघेतून मशीन ‘दहा हर्ट्‌झ’ कसं काढतं.

न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूचं विज्ञान, हे एका वाड्याचं नाव आहे आणि त्याला हे चार दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाजाचं कॉलेज वेगळं. पेशंटचे प्रश्न जास्त असतील तर डॉक्टरकी. पेशीचे असतील तर बायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री. वागण्याचे असतील तर सायकॉलॉजी किंवा कॉग्निटिव्ह सायन्स. आकड्यांचे असतील तर गणित, फिजिक्स, कॉम्प्युटर असलेली जागा. आमच्या ढिगात आकड्यांचे सतरा निघाले, वागण्याचे नऊ, पेशीचे सहा, पेशंटचे चार. तिलाच आश्चर्य वाटलं, कारण तोवर ती सगळ्यांना ‘मला न्यूरो करायचंय’ असं सांगत होती आणि ऐकणारा डॉक्टर असंच समजत होता.

यावरून घरात जे झालं ते तुमच्याकडेही होणार. भावजींचं म्हणणं, “न्यूरोच करायचं ना, मग एमबीबीएस कर. भंवरकुव्याला क्लास लावू.” त्यांना हिशेब मांडून दाखवला. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग एमडी तीन, मग डीएम न्यूरॉलॉजी तीन. साडेअकरा वर्षं, आणि मधे प्रत्येक उंबऱ्यावर परीक्षा. ज्याला पेशंट बघायचेत त्याने ती द्यावीत, मी रोज ज्यांच्या हाताखाली काम करते त्यांनी दिलीच आहेत. पण छत्तीसातले चारच प्रश्न पेशंटचे असलेल्या मुलीला नीटच्या क्लासला दोन वर्षं बसवणं मला पटलं नाही. आमच्याकडे बेरोजगार इंजिनिअर झालेली, मनातून गवई असलेली दोन चुलतभावंडं आहेतच.

दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेत न्यूरोसायन्स घेऊन मग तिथेच डॉक्टर व्हायचं, असं ठरवून बसलेले आईबाप भेटतात. तिथे एमडी चार वर्षांच्या पदवीनंतर असतं हे खरं, पण बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याला घेणारी मेडिकल स्कूल्स तिथे मोजकीच आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी अर्जसुद्धा घेत नाहीत. आणि नुसती न्यूरोसायन्सची पदवी घेऊन परत आलं तर इथे डॉक्टर म्हणून बसता येत नाही. हे पोराला अठराव्या वर्षी कळावं, बाविसाव्या वर्षी नको.

कॉलेजच्या आधी अजून एक गोष्ट, अकरावीची. आपल्याकडे बऱ्याच शाळांत ‘बायो’ घेतलं की गणित सुटलं असं गृहीत धरलेलं असतं. सोडू नका. सीबीएसईत सहावा विषय म्हणून घेता येतं. भाचीच्या शाळेत सांगितलं, टाइमटेबल जमत नाही. ताई तीन वेळा प्रिन्सिपॉलांना भेटली, शेवटी पोरगी गणिताच्या तासाला दुसऱ्या तुकडीत जाऊन बसायची. मेंदूवाल्यांना गणित कशाला, असं विचारणाऱ्यांना मी माझ्या मशीनचा स्क्रीन दाखवते.

आता नावं. आधी देशातली, कारण पैशाचं गणित इथे सोपं आहे.

आपल्याकडे बारावीनंतर ‘न्यूरोसायन्स’ अशी पाटी असलेली चांगली पदवी शोधायला जाल तर हाताला फारसं लागत नाही. पाटी सोडा, माणसं शोधा. आयसर या विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्था : पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर. पाच वर्षांचं बीएस-एमएस, सुरुवातीला सगळी विज्ञानं, मग आपला विषय. इंदूरवाल्यांना भोपाळ घरचं, भौंरीला कॅम्पस आहे, आपल्या बाजूने गेलं तर भोपाळ शहरात शिरावंही लागत नाही. प्रवेशपरीक्षा आयएटी : तीन तास, ६० प्रश्न, बायॉलॉजी, केमिस्ट्री, गणित, फिजिक्सचे प्रत्येकी १५, बरोबरला चार गुण, चुकलं तर एक वजा. गणित सोडलेलं मूल इथे पंधरा प्रश्न कोरे ठेवून उठतं. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं मूलभूत विज्ञानांचं केंद्र यांच्यासाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा. बंगळुरूच्या आयआयएस्सीत चार वर्षांची संशोधनाची पदवी आहे आणि तिथे २००९ पासून न्यूरोसायन्सचं स्वतंत्र केंद्रही आहे. कुठली परीक्षा धरतात ते त्या-त्या वर्षी वेबसाइटवर बघा, हे नियम दर दोन वर्षांनी कूस बदलतात.

मेंदूचं खास काम पुढच्या पायरीवर, पीएचडीच्या, आहे : हरियाणात मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूचं निम्हान्स आणि एनसीबीएस. एनसीबीएस उभं करणारे ओबेद सिद्दिकी, त्यांनी मुंबईला टीआयएफआरमध्ये फळमाशीला वास आणि चव कशी कळते यावर आयुष्य घालवलं. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती केळ्यावरच्या माश्यांकडे आठवडाभर आदराने बघत होती. (ताईने शेवटी केळी टाकून दिली.)

आणि आयसर, आयआयएस्सी काहीच झालं नाही तर? तर आपलं होळकर सायन्स कॉलेज आहे. १८९१ सालचं आहे, त्याला ‘काहीच नाही मिळालं म्हणून’ असं म्हणू नका, माझे वडील तिथलेच. घरी राहून बीएस्सी करा, पण मग उन्हाळे विकत घ्यायचे. तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत काम. बीएस्सीच्या मुलांनाही अर्ज करता येतो. अर्ज हिवाळ्यात निघतात, तेव्हा कॉलेजात कोणी सांगत नाही, स्वतःच लक्ष ठेवावं लागतं. असे दोन उन्हाळे गाठीला असलेला होळकरचा मुलगा मोठ्या पाटीच्या कॉलेजात नुसती हजेरी लावलेल्या मुलापुढे जातो. मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सीला बाहेर पडायचं.

पाटीवरून आठवलं. आम्ही एकदा पाटीला भुललोच होतो. एका खासगी विद्यापीठाचं ब्रोशर आलं, गुळगुळीत, मुखपृष्ठावर निळा चमकणारा मेंदू, आत ‘न्यूरोसायन्स’ची पदवी. भावजी खूश, कारण वसतिगृहात एसी होता. टोकन रक्कम भरायच्या आदल्या रात्री पोरीने त्यांचा अभ्यासक्रम डाउनलोड केला आणि मेंदूशी संबंध असलेले पेपर हिरव्या पेनने रंगवत बसली. सबंध पदवीत तीन. बाकी सगळं त्यांच्याच बायोटेकच्या पदवीतलं, क्रमांकासकट तेच. शिकवणाऱ्यांच्या यादीत मेंदूवर काम केलेला एकही माणूस नाही. रक्कम वाचली, पण त्या हिरव्या पेनाची आम्हाला सवय लागली, आणि परदेशातली कॉलेजं आम्ही त्याच पेनाने बघितली.

परदेशाचं नीट सांगते, कारण घोटाळा इथेच जास्त होतो.

इंग्लंडमध्ये अर्ज विषयाला करायचा असतो. एका अर्जात पाच जागा, ऑक्सफर्ड-केंब्रिजपैकी एकच, आणि त्यांची तारीख १५ ऑक्टोबर, म्हणजे बारावीचं निम्मं वर्षही झालेलं नसतं. पहिल्या दिवसापासून आपलाच विषय, तीन वर्षांत पदवी, स्कॉटलंडमध्ये चार. लंडनच्या यूसीएलमध्ये न्यूरोसायन्सची सरळ पदवी आहे. उंदराला आपण कुठे आहोत हे कळवणाऱ्या पेशी शोधणारे जॉन ओकीफ तिथलेच, २०१४ चं नोबेल मिळालेले. पण ऑक्सफर्डला हाच अभ्यास बायोमेडिकल सायन्सेसच्या आत मिळतो आणि केंब्रिजला नॅचरल सायन्सेसच्या पोटात. नुसतं ‘न्यूरोसायन्स’ टाकून शोधलं तर दोन्ही हातचे जातात.

अमेरिकेत उलट. तिथे बहुतेक ठिकाणी कॉलेजात प्रवेश मिळतो आणि ‘मेजर’ दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवायचा. म्हणजे कॉलेज निवडताना मेंदूचं निवडायचंच, पण पोराचं मन बदललं तर शेजारचे विभागही चांगले असायला हवेत. आणि नावांचा गोंधळ तिथे सर्वांत जास्त. एमआयटीत सगळ्या विभागांना आकडे आहेत, मेंदूचा नववा. त्याशिवाय कॉम्प्युटर आणि मेंदू एकत्र शिकायचे तर सहा-नऊ. एमरीत ‘न्यूरोसायन्स आणि बिहेवियरल बायॉलॉजी’. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात न्यूरोबायॉलॉजी बायॉलॉजीवाल्यांकडे, आणि कॉग्निटिव्ह सायन्सचा विभाग वेगळा, १९८६ पासूनचा. जॉन्स हॉपकिन्स आणि ब्राउन इथे मात्र सरळ न्यूरोसायन्स. चार दरवाज्यांची यादी आधी केली असेल तर ही नावं वाचताना पंचाईत होत नाही. आमचे सतरा प्रश्न आकड्यांचे, म्हणून सहा-नऊसारखं काही दिसलं की पोरगी खुर्चीत सरळ बसायची.

मग मोठं विद्यापीठ की लहान कॉलेज? यावर घरात सगळ्यांचं मत ‘मोठं’, कारण नाव सोसायटीत सांगता येतं. अमेरिकेत दोन-तीन हजार मुलांची लहान कॉलेजं असतात, आपल्याकडे त्यांची नावं कुणाला माहीत नसतात. अॅम्हर्स्ट, ओबरलिन ही त्यातली, आणि पदवीच्या मुलांना न्यूरोसायन्स शिकवण्यात ही लहान कॉलेजंच १९७०च्या दशकापासून पुढे होती. मोठ्या विद्यापीठात एमआरआय असतं, हॉस्पिटल असतं, नोबेलवालेही असतात. पण त्यांच्या लॅबमध्ये आधी पोस्टडॉक (पीएचडी झालेले), मग पीएचडीची मुलं, आणि मग रांगेच्या शेवटी तुमचं पोर, बहुधा बाटल्या धूत. लहान कॉलेजात पीएचडीची मुलंच नसतात, त्यामुळे प्राध्यापकाला हात लागतात ते पदवीच्या मुलांचेच. तिथे एमआरआय नसेल, पण ईईजीचं मशीन असेल तर त्याला हात लावता येईल.

आता हे सरसकट धरू नका. एमआयटी मोठं आहे, पण तिथे पदवीच्या मुलांना संशोधनात घ्यायची योजना १९६९ पासून आहे आणि ती खरोखर चालते. म्हणून प्रत्येक जागा स्वतंत्र तपासायची. तेवीस वर्षांत माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलींमध्ये एकच फरक मी बघितला : पहिल्या आठवड्यात जिच्या हातात टेप आणि पेस्ट दिली ती तयार झाली, जी तीन महिने मागे उभी राहून बघत होती ती अजून ‘सीझेड’, म्हणजे डोक्याचा मधोमधचा बिंदू, बोटभर चुकवते. कॉलेजचंही मला तसंच वाटतं, आणि आमची सगळी तपासणी या एका गोष्टीभोवती फिरली : हे लोक पोरांच्या हातात कधी देतात?

तपासायचं कसं? अमेरिकेतल्या कॉलेजांचं कोर्स कॅटलॉग वेबसाइटवर उघडं असतं. ब्रोशर बाजूला ठेवा आणि हिरवं पेन घ्या. मेंदूचे कोर्स मोजा, पण नुसते मोजू नका, पुढे बारीक अक्षरात ‘दरवर्षी’ लिहिलंय की ‘एक वर्षाआड’ ते बघा. एका ठिकाणी चौदा कोर्स होते, छान वाटलं, आणि त्यातले आठ एक वर्षाआड. म्हणजे नेमका हवा तो तुमच्या तिसऱ्या वर्षी नसेल तर संपलं. प्रयोगशाळेचा तास वेगळा आहे की लेक्चरलाच जोडून दिलाय? स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रॅमिंग सक्तीचं आहे का? नसेल तर मी त्या कॉलेजला एक काट मारायची, भाची दोन. शेवटच्या वर्षाचा प्रबंध सगळ्यांना की फक्त वरच्या गुणांच्या चार मुलांना? मग प्राध्यापकांचं पान उघडा. ‘न्यूरोसायन्स प्रोग्रॅम’च्या यादीत पंधरा नावं असतील, पण त्यातले खरे किती आणि सायकॉलॉजी, फिलॉसॉफी, बायॉलॉजीतून उसने आणलेले किती? उसने वाईट नसतात, पण त्यांचा पहिला जीव त्यांच्या विभागात असतो.

पदवीच्या मुलांना न्यूरोसायन्स कसं शिकवावं यावर ‘जून’ या आद्याक्षरांनी ओळखलं जाणारं एक नियतकालिकच आहे, सगळं फुकट वाचता येतं. त्यात लेख लिहिणारे शिक्षक कोणत्या कॉलेजांचे आहेत ते आम्ही उतरवून घेतलं. शिकवण्याचा एवढा विचार करणारी माणसं कुठे बसतात ते त्यावरून कळतं. ज्या लॅबचा पेपर दिसेल त्यात लेखकांची नावं बघायची आणि त्यातलं कोणी पदवीचा विद्यार्थी होतं का ते शोधायचं. यात शनिवार-रविवार जातात, पण बारावीच्या पोराला फिजिक्सपासून पळायला निमित्त हवंच असतं.

आणि सगळ्यात कामाचं म्हणजे मुलांना विचारणं. विभागाच्या पानावर सध्याच्या विद्यार्थ्यांची नावं, कधी संपर्क दिलेले असतात. नाहीतर प्रवेश कार्यालयाला लिहा, ते जोडून देतात. आमच्या पोरीने पहिल्या मेलमध्ये विचारलं, “तुमचं कॉलेज कसं आहे?” उत्तर आलं, “खूप छान!” त्यावर ती खूश. मी म्हटलं, अगं, पेशंटला ‘बरं वाटतंय का’ विचारलं की तोही ‘हो’ म्हणतो. त्याला विचारावं लागतं, काल रात्री किती वाजता झोपलास, मधे किती वेळा उठलास. मग आम्ही प्रश्न बदलला : “गेल्या मंगळवारी तू लॅबमध्ये काय केलंस?”

एवढाच प्रश्न अकरा जणांना पाठवला, सात उत्तरं आली. एकीने लिहिलं, की व्हायब्रटोमवर उंदराच्या मेंदूचे काप घेत होते, ३०० मायक्रॉनचे, पहिले चार फाटले, पाचवा जमला, आणि तो जमला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. एका मुलाने लिहिलं, डेटातल्या डोळ्यांच्या उघडझापीच्या खुणा काढून टाकायचा प्रोग्रॅम लिहितोय आणि तो चालत नाहीये. भाचीने हे वाचून दाखवलं तेव्हा मला हसू आलं, मी रोज तेच हाताने करते. दुसऱ्या एका फार मोठ्या नावाच्या ठिकाणचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा म्हणाला, या सत्रात लॅब नाही, पण पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे. त्या नावापुढे आम्ही पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं.

फाटलेल्या कापांवरून आमच्याकडे दुसराच विषय निघाला. आमचं घर शाकाहारी, भाची मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारी. तिने विचारलं, “मावशी, काप घ्यायचे तर उंदीर...?” हो, तसंच. हे आधी विचारून घ्या. न्यूरोसायन्सच्या पुष्कळ लॅबमध्ये उंदीर आहेत, आणि पोराला ते जमणार नसेल तर त्यात काही कमीपणा नाही, फक्त कॉलेज तसं बघायचं. फळमाशीवाले असतात. २०२४ साली फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा, १,३९,२५५ पेशींचा, नकाशा छापून आला आणि त्याच्या मागे प्रिन्स्टनचे लोक होते. सी. एलेगन्स नावाच्या मिलिमीटरभर जंतावाले असतात, त्याच्या सगळ्या मिळून ३०२ चेतापेशी. आणि माझ्यासारखे, जिवंत माणसाच्या डोक्याला बाहेरून लीड लावणारे असतात, त्यात कुणाचाच जीव जात नाही. फार तर केस चिकट होतात.

वहीत एक नाव मात्र आम्ही कसलीही तपासणी न करता लिहिलं होतं : कॅनडातलं मॅगिल. कारण साधं आहे. आम्ही रोज ज्या मापाने लीड लावतो ते दहा-वीसचं माप १९५८ साली हर्बर्ट जॅस्परने छापलं, आणि तो मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचा, मॅगिलमधला. वाइल्डर पेनफील्डने १९३४ साली काढलेली संस्था ती. मी इंदूरला बसून तेवीस वर्षं मॉन्ट्रियलच्या खुणा करतेय, मग एक नाव हौसेचं चालतं. पण हिरवं पेन त्यालाही लावलंच.

पैसे. यावर कुणी मोकळं बोलत नाही, म्हणून मी बोलते. अमेरिकेत परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि मग लागेल तेवढी मदत करणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अशी आणखी थोडी. बाकी पुष्कळ ठिकाणी मदत मिळते, पण मागितली की प्रवेश कठीण होतो. सरकारी विद्यापीठांकडून, कॅलिफोर्नियाचं धरून, परदेशी मुलाने पदवीसाठी गरजेवर मदतीची आशा ठेवू नये. तेव्हा घरातले मोठे बसून एक आकडा ठरवा, वर्षाला इतके, याच्या वर नाही, आणि तो पोराला अर्ज भरायच्या आधी सांगा. ताई-भावजींनी तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. त्या रात्री पोरगी जरा रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने यादीतली नऊ नावं स्वतः खोडली. मला ते त्या दोन वर्षांतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

एक बारीक गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा कळली. अमेरिकेत पदवीनंतर विद्यार्थ्याला वर्षभर काम करता येतं, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतला विषय असेल तर आणखी २४ महिने. पण विषय त्या यादीत आहे की नाही ते नावावरून ठरत नाही, सरकारी कोडवरून ठरतं. न्यूरोसायन्सचा २६.१५०१ हा यादीत आहे. मात्र एखादं कॉलेज तोच अभ्यास सायकॉलॉजीच्या साध्या कोडखाली देत असेल तर गोष्ट बदलते. कॉलेजला मेल करून कोड विचारायचा, ते सांगतात. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा ज्या वर्षी जाल त्या वर्षीचे बघा.

कन्सल्टंटकडे जावं का? आम्ही गेलो होतो. चकचकीत ऑफिस, भिंतीवर झेंडे. “आम्ही तुमच्याकडून एक रुपया घेत नाही,” असं म्हणाले आणि दहा मिनिटांत सहा विद्यापीठांची छापील यादी दिली. पोरीने विचारलं, यातल्या कुठे पदवीच्या मुलांना लॅबमध्ये घेतात? ते म्हणाले, “सगळीकडे वर्ल्ड क्लास लॅब आहे, बेटा.” आपल्याकडून घेत नाहीत म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी घेतात, हे भावजींनी लिफ्टमध्ये सांगितलं. कागदपत्रांना, व्हिसाच्या फॉर्मना त्यांची मदत घ्या. यादी आपली आपण करा.

शेवटी आमच्याकडे आठ नावं उरली. तीन देशातली, पाच बाहेरची. त्यातली दोन अशी, की जिथे मिळणार याची जवळजवळ खात्री होती आणि जिथे मिळालं तर ती आनंदाने गेली असती. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. ‘सेफ’ म्हणून न आवडणारं कॉलेज लिहून ठेवणारी मुलं एप्रिलमध्ये तोंड पाडून बसतात. शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना जुलैतच सांगा, दिवाळीच्या सुट्टीत कुणी सापडत नाही. नोव्हेंबरच्या लवकरच्या अर्जात ‘बंधनकारक’ शब्द असेल तर, पैशाचा निकाल काहीही लागला तरी आपलं तिथेच जमणार आहे का, ते शेवटच्या पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. आमचं जमत नव्हतं, म्हणून आम्ही तो रस्ता घेतला नाही.

ती कुठे गेली ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही तेच नाव तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहाल आणि प्रश्नांची वीस पानं कोरी राहतील.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एकदा तिचा फोन आला, माझे पेशंट चालू असताना. कधी त्या वेळी करत नाही, म्हणून उचलला. मागे कुणीतरी हसत होतं. “मावशी, पहिल्यांदा मला एकटीला लीड लावायला दिलेत. मागचे दोन काही केल्या बसत नाहीयेत. इम्पीडन्स पाचच्या खाली येतच नाही. तीनदा पुसलं.”

“मुलगा आहे का मुलगी?”

“मुलगा. माझ्याच वर्गातला.”

“त्याला विचार, काल डोक्याला काय लावलं होतंस.”

तिने विचारलं. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण ही इतकी हसली की फोन खाली ठेवून स्पिरिट आणायला गेली, आणि मी इकडे पेशंटला म्हटलं, हं, आता डोळे मिटा.